ठोकलेले पडदे

डोणगावच्या शिवारात, रस्त्याला लागूनच पूनमचं डुकरांचं शेड होतं. ते सुरू केलं होतं तिच्या नवऱ्यानं, हर्षलनं. पण वर्षभरातच त्याला मलकापूरला ट्रान्सपोर्टमध्ये नोकरी लागली आणि डुकरं पूनमच्या गळ्यात पडली. घरातलं दुसरं कोणी शेडमध्ये पाय ठेवत नव्हतं.

दिवाळीनंतर रस्त्यापलीकडच्या लोकांनी वासाची तक्रार ग्रामपंचायतीत नेली. चारचौघांत खाली बघावं लागलं म्हणून सासरे कारभारी तडक शेडवर आले. दोन्ही बाजूंचे, रस्त्याकडचे आणि मागच्या नाल्याकडचे, ताडपत्रीचे पडदे त्यांनी खाली ओढले आणि लाकडी पट्ट्या ठोकून बंद करून टाकले.

"आता हे उघडाचे नाही," एवढंच ते म्हणाले.

थंडी वाढली तशी आतली हवा कोंडली. मुताच्या उग्र वासानं पूनमचे डोळे झोंबायचे. सकाळी खाद्य टाकायला गेलं की डुकरं उठायची आणि खोकायची. आधी एका कोपऱ्यातली, मग सगळीच.

मेहकरहून जनावरांच्या डॉक्टर जयमालाताई आल्या. त्यांनी खोकणाऱ्या डुकरांना इंजेक्शनं दिली, मग पडद्यांकडे पाहिलं.

"पूनम, औषधानं तात्पुरतं बरं वाटेल. पण ही हवा अशीच राहिली तर खोकला परत येणार. पडदे वरून उघडे ठेव. अंगावर गार वारं नको, डोक्यावरून हवा जायला पाहिजे. आजारी वेगळी ठेव, आणि आधी चांगल्यांना खाद्य घाल, मग आजाऱ्यांना."

पूनमनं आजारी डुकरं शेवटच्या खणात घातली. जमीन कोरडी ठेवली, चुना टाकला, आजाऱ्यांकडे जायला वेगळे बूट ठेवले. सासऱ्यांनी ठोकलेल्या पट्ट्यांना मात्र तिनं हात लावला नाही. खोकला कमी झाला आणि पुन्हा आला.

मग तिलाच खोकला लागला. सासू मनकर्णाबाईंनी तिचं अंथरूण ओसरीवर काढलं.

"तुले बाहेर काढून नाही राह्यली बाई. पन पोरगी लहान हाय. तिले लागला म्हणजे?"

पूनमची लेक आजीजवळ आत झोपायची. दाराआडून तिचा आवाज यायचा आणि पूनम तोंडावर पदर धरून खोकायची.

तिनं हर्षलला फोन केला. "मामाजीले पडद्याचं सांगा ना. तुमचं ऐकतीन."

"थोडे दिवस काढ. थंडी सरली का होते ठीक."

"आन मी?"

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. "फोन करतो मंग," म्हणून त्यानं फोन ठेवला.

एका दुपारी शेडमधली सगळ्यात मोठी मादी पुढचे पाय रोवून कुत्र्यासारखी बसलेली दिसली. तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलत होतं. डॉक्टर पोचायच्या आतच ती आडवी झाली. तिला पुरून झाल्यावर पूनमनं विळा घेतला, खणाच्या भिंतीवर चढली आणि रस्त्याकडचा पडदा वरच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला.

कोणीतरी सांगितलं असावं. कारभारी तणतणत आले.

"काऊन फाडला? कोनाले इचारून?"

"मामाजी, आत या."

"मी नाही येत त्या घानीत."

"एक डुक्कर धरून द्या. डॉक्टरताईनं देल्लेली सुई माराची हाय. मले एकटीले नाही होत." आणि तिला खोकल्याची उबळ आली, ती भिंत धरून वाकली.

कारभारी दारात घुटमळले, मग आत आले. शेवटच्या खणात त्यांनी डुकराचे कान घट्ट धरले. पूनमनं सुई टोचली. तेवढ्या वेळात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुसरं धरलं, तिसऱ्याला घसा खाकरत बाहेर पळाले आणि बांधावर बसले.

"विकून टाक म्हनलं असतं," डोळे पुसत ते म्हणाले, "पन खोकनारी डुकरं कोन घेते?"

पूनमनं सुई धुऊन ठेवली.

"नाल्याकडच्या पट्ट्या काढतो मी. रस्त्याकडचा तू फाडला तेवढाच उघडा राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या काढल्या. रस्त्यापलीकडचे लोक पुन्हा आले, तेव्हा कारभारी त्यांच्याशी फाटकात बोलत उभे राहिले. पूनमला शब्द ऐकू आले नाहीत, पण पडदे पुन्हा ठोकले गेले नाहीत.

खोकला हळूहळू उतरला. काही डुकरं मात्र खुरटीच राहिली. पूनमची छाती मोकळी व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. तिचं अंथरूण अजून ओसरीवरच होतं.

हर्षलचा फोन आला. त्याचा आवाज खुशीत होता. "आता डुकरायले बरं हाय म्हनते ना? नव्या माद्या आनून टाकतो मंग."

"आनल्या तर महिनाभर अलग ठेवा लागतीन. या डुकरायत नाही मिसळू देनार मी."

"बरं बरं, तू म्हनशीन तसं."

"माद्या राहू द्या. तुम्ही या."

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजत राहिला.

"पाहतो," तो म्हणाला.

पूनमनं फोन ठेवला, बूट बदलले आणि पाण्याची बादली उचलली.