बाराव्या खुर्चीसमोर

मित्रांनो, मी जुना आहे, लाकडी आहे आणि टेबल आहे. माझी लांबी नऊ फूट, रुंदी चार फूट. माझ्याभोवती बारा खुर्च्या मावतात, आणि त्यांपैकी अकरा खुर्च्यांबद्दल मला काही तक्रार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. पहिली वीस वर्षे मी पुस्तकांच्या बांधणीच्या कारखान्यात काढली. खळीचे डाग, सुऱ्यांचे चरे, दाभणाची भोके, हे सारे तिथले. कारखाना बंद पडला तेव्हा मला हातगाडीवर घालून मुलांच्या केंद्रात आणले आणि हस्तकलेच्या खोलीत ठेवले. दर शनिवारी पाच वाजता तेरा ते सोळा वयाची मुले येत. त्यांना शिकवायला एक बाई होत्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत.

मोठ्या मुलांना एकत्र कामाला बसवणे अवघड असते. पहिल्या वर्षी बाईंचे बरेच बेत फसले. मुखवटे करायचे ठरले, तेव्हा दोघे काम करत होते आणि दहाजण मोबाइल बघत होते. त्या संध्याकाळी बाईंनी वहीत लिहिले, "गोंदाच्या बाटल्या दोन, हात चोवीस. चूक माझी." मग त्यांनी एक पद्धत लावून घेतली. शुक्रवारी दुपारी त्या एकट्या येत आणि उद्याचे काम बाराही खुर्च्यांवर बसून करून बघत. प्रत्येक खुर्चीवर दहा मिनिटे. गोंदापर्यंत हात पोचतो का, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो का, डावखुऱ्याचे कोपर शेजाऱ्याला लागते का. सगळ्या खुर्च्या झाल्या की मगच बेत पक्का.

एका शुक्रवारी त्यांनी रस्त्याचा बेत आखला. बारा जाड कागद, प्रत्येकाला एक. सगळ्यांच्या कागदांतून मिळून एकच रस्ता जायचा. कोणी घरे काढावीत, कोणी पूल, कोणी दुकाने, पण नियम एकच होता. शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय रस्त्याची रेघ कागदाच्या कडेपर्यंत न्यायची नाही. या वयाची मुले एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, पण एका रेघेवरून तासभर हुज्जत घालतील, हे बाईंनी ओळखले होते. बेत चांगला होता. त्या अकरा खुर्च्यांवर बसल्या आणि केंद्राच्या मोठ्या सरांचे बोलावणे आले. बाराव्या खुर्चीवर बसायचे राहून गेले.

त्या खुर्चीवर मुंगी बसायची. चण लहान, हात भरभर चालायचे, म्हणून मुंगी. काम करताना तिचा गुडघा सारखा हलायचा आणि माझ्या पोटाला खालून टकटक लागायचा. तिच्या डावीकडे कात्री. या मुलीची जीभ एकदा सुटली की समोरच्याचे तुकडे व्हायचे. उजवीकडे चष्म्या. तो बोलायचा फार आणि काढायचा कमी.

शनिवारी पाऊण तासाने बाईंनी सगळे कागद कडेला कड लावून ठेवायला सांगितले. रस्ता दहा कागदांतून सरळ आला, कात्रीच्या कागदाच्या टोकाला पोचला आणि तिथे तुटला. मुंगीच्या कागदावर तो दोन बोटे खालून सुरू होत होता.

"इथे दरी आहे का गं?" चष्म्याने विचारले. सगळे हसले.

कात्री हसली नाही. "तीनदा सांगितलं, इथे खूण कर. तीनदा! आंधळी आहेस का?"

"मी तिथेच केली होती, अगं," मुंगी म्हणाली. "आई शप्पथ, तिथेच केली होती."

"मग रस्ता काय आपल्या पायाने खाली आला? तू नसतीस तर आमचं सगळं नीट झालं असतं."

मुंगीने पेन्सिल खाली ठेवली. तिचा कागद निम्माच झाला होता. ती कोणाला काही न बोलता निघून गेली. बाई मागच्या कपाटात पुठ्ठे शोधत होत्या. त्यांना कळले तोवर जिन्यावरची पावलेही थांबली होती.

मंगळवारी मुंगीला ताप आला. शुक्रवारी ती गेली.

पुढच्या शनिवारी अकराजण आले आणि आपापल्या खुर्च्यांवर बसले. बाईंनी काम दिले नाही. सव्वापाचला माझ्या पोटाखाली टकटक झाली. तीनदा झाली आणि थांबली. मित्रांनो, लाकूड वाजते. हवा बदलली की आम्ही कुरकुरतो, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार? पण तो आवाज माझा नव्हता. मुलांनी एकमेकांचे गुडघे पाहिले. सगळ्यांचे गुडघे स्थिर होते. कात्री उठली आणि दप्तर न घेताच बाहेर पडली.

चष्म्याने ती खुर्ची अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवली. पुढच्या शनिवारी ती परत जागेवर होती. मुले दारातच थबकली.

"काका, ही खुर्ची इथे कशी आली?" चष्म्याचा आवाज चिरकला.

"चालत आली," शिपाईकाका म्हणाले, आणि पोरांचे चेहरे बघून वरमले. "अरे, मी आणली. यादीत बारा आहेत, मी बारा मांडतो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं हलवायला?"

ते खरेच होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. त्यानंतर सातजण आले, मग चार. कात्री येईनाच. शेवटी मोठे सर खोलीत आले, उभ्या-उभ्याच बोलले. "बाई, दहाच्या खाली मुलं असतील तर ही खोली मला दुसऱ्या वर्गाला द्यावी लागेल. महिनाअखेरपर्यंत बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

"मुलं येतील," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात त्यांचाच विश्वास नव्हता.

शुक्रवारी दुपारी त्या बेत आखायला बसल्या. कागदाचे पक्षी लिहिले आणि खोडले. बाहुल्या लिहिल्या, खोडल्या. सगळे बेत हसरे होते आणि या खोलीत हसरे काही करायची सोय उरली नव्हती. मग त्यांनी खण उघडला, ते बारा कागद काढले आणि माझ्यावर मांडले. मुंगीचा निम्मा कागद तिच्या जागी ठेवला. मग सवयीने एकेका खुर्चीवर बसायला लागल्या. अकरा झाल्या. बारावीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सावरून बसल्या.

त्यांनी एक कोरा कागद घेतला, कडेला खूण केली आणि रेघ ओढू लागल्या. कागद सरकला. रेघ कडेला पोचली तेव्हा खुणेच्या दोन बोटे खाली होती. दुसरा कागद घेतला. पुन्हा दोन बोटे. त्यांनी तळहात माझ्यावर सपाट ठेवला आणि हळूहळू फिरवला.

आता मला सांगायलाच हवे. हे मी आतापर्यंत टाळत आलो. माझ्या चार फळ्यांपैकी एक ओली होती. मला घडवताना सुतार कारखान्याच्या मालकाला म्हणाला होता, "साहेब, ही वाळली नाही. पुढे वाकेल." साहेबांना टेबल दुसऱ्या दिवशी हवे होते. फळी वाकली. वाकली ती नेमकी त्या एका खुर्चीसमोर, अगदी थोडी, डोळ्याला दिसणार नाही इतकी. मुंगीने खूण बरोबर केली होती. खोटा मी होतो. आणि मला तोंड नाही.

"अगं पोरी," बाई एवढेच म्हणाल्या.

त्यांनी चष्म्याबरोबर निरोप धाडला. सगळ्यांना सांग, एक गोष्ट दाखवायची आहे. एकदाच या, मग नाही आलात तरी चालेल. शनिवारी दहाजण आले. कात्री दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत आली नाही.

"एकेकाने या खुर्चीवर बसायचं," बाई म्हणाल्या. "कागदाच्या कडेला खूण करायची आणि तिथपर्यंत रेघ न्यायची. बस्स."

कोणी पुढे होईना. मग चष्म्या बसला. त्याची रेघ दोन बोटे खाली गेली. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दुसरी मुलगी बसली, तिचीही गेली. दहाजणांचे दहा कागद माझ्यावर पडले, आणि एकाचीही रेघ खुणेला लागली नव्हती. खोलीत कोणी हसले नाही.

कात्री कधी आत आली, ते कोणाला कळले नाही. ती बसली. तिचाही कागद सरकला.

"तिने तिथेच केली होती," ती म्हणाली.

"हो. त्या आठवड्यात मी सगळ्या खुर्च्यांवर बसले, या एका खुर्चीवर नाही. बसले असते तर मला तेव्हाच कळलं असतं. चूक माझी आहे, बाळा. तुझी नाही."

"पण बोलले ते मीच ना, बाई?"

बाईंनी तिचा रस्त्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. खोटे बोलून मुलांना गप्प करायची त्यांना सवय नव्हती.

कात्रीने खोडरबर मागून घेतले. स्वतःच्या कागदावरचा रस्ता शेवटच्या वितीत पुसला आणि नव्याने काढला. आता तो टोकाशी खाली वळतो आणि मुंगीच्या रस्त्याला मिळतो. मुंगीच्या कागदावर तो निम्म्यापर्यंत जातो. पुढे कोरे आहे.

"मग माझा रस्ता कुठून येतो?" चष्म्याने विचारले. या वेळी तो थट्टा करत नव्हता. ते कोरे तसेच ठेवून बाराही कागद भिंतीवर लागले. खोली गेली नाही. पुढच्या शनिवारी अकराजण आले.

नंतर बाईंनी सुतार बोलावला. त्याने रंधा मारला, माझी ती फळी तासली, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. "घ्या, आता आरशासारखं झालं," तो म्हणाला. मी आता सपाट आहे. तरी त्या जागी कागद सरकतो. का सरकतो, ते सुताराला सांगता आले नाही. मलाही येत नाही. सव्वापाचला कधीकधी टकटकही होते. मुले मान वर करतात आणि पुन्हा कामाला लागतात.

मागच्या महिन्यात एक नवी मुलगी आली. तिला काही माहीत नव्हते. रिकामी खुर्ची दिसली, ती ओढून बसली. सगळ्यांचे हात थांबले. चष्म्या तोंड उघडणार, तेवढ्यात कात्रीने त्याच्या पायावर पाय दिला.

"बस," ती नव्या मुलीला म्हणाली. "फक्त कागद डाव्या हाताने दाबून धर. इथे सरकतो. तुझी चूक नाही."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावर नावे कोरू नका, असे मी सांगू शकलो असतो. ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी विनंती दुसरी आहे. शेजारच्याची रेघ चुकलेली दिसली, तर बोलण्याआधी उठा आणि त्याच्या जागी बसून बघा. आणि बोलून गेलाच असाल, तर जिन्यावरच त्याला गाठा. शनिवारपासून शनिवारपर्यंत सात दिवस असतात. कधीकधी ते पुरत नाहीत.