आजच्यापुरती विद्यार्थिनी

"हा घाला. मापाचा नाहीये, पण आजच्यापुरतं चालेल."

कॉलेजच्या प्रवेशाचं बघणाऱ्या प्रांजल मॅडमनी एका हाताने माझ्याकडे पांढरा एप्रन दिला आणि दुसऱ्या हाताने माझी फाइल घेतली. फाइलमध्ये दहावी, बारावी, बी.ए.च्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला होता. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "ओरिजिनल आणा, नुसतं बघायला." त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. मागच्या लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"मॅडम, मी अजून काही ठरवलं नाहीये. कॉलेज बघायला आलेय."

"मग बघा की. आजच्यासारखा दिवस नाही बघायला, कॉलेजच्या मान्यतेची तपासणी आहे. वॉर्डात मुलींबरोबर उभ्या राहा. तुम्हाला तर कामाची सवयच आहे."

कपाटाकडे बघत मी एप्रन चढवला. बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्या लागल्या.

पहाटे वाईहून निघाले तेव्हा सई झोपेत होती. तिला सासूबाईंच्या कुशीत सरकवलं आणि साताऱ्याची एसटी धरली. नवरा, निमिष, शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, "नीट बघून ये. बाहेरून इमारत बघून भुलू नकोस." कऱ्हाडनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि सांगलीच्या थोडं अलीकडे, उसातच, ही तीन मजली नवी इमारत दिसली. खाली हॉस्पिटल, वर नर्सिंगचं कॉलेज. जाहिरातीत लिहिलं होतं, नोकरी करणाऱ्यांसाठी खास सोय, हजेरीची सक्ती नाही.

वाईतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी सात वर्षं काम करते. लोक मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही. बी.ए. झाल्यावर केसपेपर काढायला म्हणून लागले. एकदा एक सिस्टर रजेवर गेल्या म्हणून बीपी बघितलं, मग सलाईन लावलं, मग सगळंच अंगावर आलं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. "शरयू, नोंदणी नसलेलं कुणी मला जूननंतर वॉर्डात ठेवता येणार नाही. निदान कुठंतरी प्रवेश घेतलायस, एवढा तरी कागद आण."

मला कागद हवाच होता. पण मला शिकायचंही होतं, आणि हे मी कुणापाशी बोलले नव्हते. गेल्या वर्षी एका मुलीचं इंजेक्शन भरताना माझा दशांशाचा एक पॉइंट चुकला. दहापट औषध सिरिंजमध्ये आलं. नेमके डॉक्टर आत आले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, सिरिंज काढून घेतली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलगी सईएवढीच होती. तेव्हापासून सई झोपली की मी तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजते. निमिष म्हणतो, "अगं, झोपू दे तिला. हजेरी कसली घेतेस?"

वॉर्ड बघून आधी मला हायसं वाटलं. वीस खाटा, स्वच्छ चादरी, सगळ्या भरलेल्या. इतके पेशंट म्हणजे इथं शिकायला मिळेल. मग दिसलं की तिसऱ्या खाटेवरचा सलाईन लावलेला माणूस मोकळ्या हाताने तंबाखू मळतोय. सलाईन त्याच्या हातावर नुसतं चिकटपट्टीने चिकटवलेलं होतं.

मला सातव्या खाटेपाशी उभं केलं होतं. तिथं एक साठीच्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी सवयीने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"मला? थांब, सांगते." त्यांनी पायाशी लटकवलेल्या तक्त्याकडे बोट केलं. "तूच वाच की. सकाळी सांगितलं व्हतं, इसरले बग."

"दमा लिहिलंय."

"व्हय, दमा. गेल्या खेपंला आपेंडिस व्हतं. आन् ह्या अंजनाकडं बग, पोटुशी लिवलीया. नातवाचं लगीन ठरलंय तिच्या."

शेजारच्या खाटेवरची अंजना तोंडाला पदर लावून हसली. "नशीब लागतंय त्येला, बनुबाई."

"तुम्ही आजारी नाही?" मी हळूच विचारलं.

"जीपनं आणत्यात गं गावातनं. दीसभर पडायचं, दुपारी जेवान, सांच्याला परत. उन्हात वाकून तण भांगलायला जाण्यापरास बरं न्हवं?"

शेजारी एप्रन घातलेली एक मुलगी उभी होती, अश्लेषा. तिसऱ्या वर्षाची. ती माझ्या कानाशी लागली. "ताई, तपासणीवाले इथं थांबले तर तुम्ही पुढं व्हाल का? मला बीपी घेता येत नाही."

"तिसऱ्या वर्षाला आहेस ना?"

"मी कऱ्हाडला साडीच्या दुकानात असते. परीक्षेलाच येते फक्त."

"आणि पास झाल्यावर?"

"मिळेल कुठंतरी नोकरी. तिथं शिकवतील की."

ती निरागसपणे बोलली. मलाही तिथंच शिकवलं होतं. त्या दिवशी डॉक्टर दोन मिनिटं उशिरा आले असते तर मी काय शिकले असते, ते मला ठाऊक होतं.

फाइल घ्यावी आणि निघावं, असं ठरवून मी दाराकडे वळले. पण किल्ली पर्समध्ये होती, आणि पर्स काखेत अडकवून प्रांजल मॅडम गुच्छ घेतलेल्या दोन पाहुण्यांना आतच आणत होत्या. वयस्कर तपासनीस बाई आणि त्यांच्यामागे फॉर्म घेतलेला एक तरुण. वॉर्ड क्षणात आजारी झाला. तंबाखू चादरीखाली गेली, अंजना कण्हायला लागली.

तपासनीस बाई सातव्या खाटेपाशी थांबल्या. "पल्स घ्या बघू."

अश्लेषा माझ्यामागे सरकली. मी बनुबाईंचं मनगट धरलं. थंडगार आणि ओलं होतं. नाडी सापडायला वेळ लागला. सापडली ती बारीक, मध्येच एखादा ठोका गाळणारी. मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. कपाळावर घामाचे थेंब होते, आणि डोक्यावर पंखा फिरत होता.

मी खाली वाकले. "बनुबाई, खरं सांगा. काही होतंय का?"

"सकाळपास्नं जबडा दुकतोय जरा," त्या पुटपुटल्या. "ह्यो हात भरून आल्यागत झालाय. च्या बादला आसंल. तू तुजं काम कर, ही मान्सं गेली की पडते."

मी ताठ झाले. "मॅडम, यांचा लगेच ईसीजी काढायला पाहिजे. हार्टचं वाटतंय. अ‍ॅस्पिरिन चावायला द्यायला हवी."

तपासनीस बाईंनी मान डोलावली. "छान. कितव्या वर्षाला?"

"तिसऱ्या," प्रांजल मॅडम म्हणाल्या. "आमच्या मुली प्रॅक्टिकलला पक्क्या आहेत."

तरुणाने फॉर्मवर खूण केली. ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी औषधांच्या ट्रॉलीकडे धावले. एक खोकं उचललं, दुसरं उचललं. सगळी हलकी. ईसीजीच्या मशीनला पॅकिंगचा थर्माकोल तसाच होता. प्रांजल मॅडमनी माझं कोपर दाबलं. "बास आता. मस्त केलंत. तुमची फी मी बोलून कमी करून घेते."

मी गप्प राहिले. हे मला सांगायलाच हवं. ते आठव्या खाटेवर होते तेव्हा गप्प होते, नवव्यावर गेले तेव्हाही. कपाटातली फाइल, जून महिना, सईची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं होतं. ही माणसं दहा मिनिटांत जातील, मग बघू, असं मी स्वतःला सांगत होते. अंजनाने कण्हणं थांबवलं आणि म्हणाली, "आवं, हिचं व्हट बगा की."

बनुबाईंचे ओठ राखेसारखे झाले होते.

"मॅडम." आवाज माझाच होता, पण फाटल्यासारखा आला. "ही बाई खरी पेशंट आहे."

तपासनीस बाई वळल्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नाही, वीस खाटांकडे एकेक करत बघितलं. पेनाचं टोपण लावलं.

"त्यांना सिव्हिलला न्या," त्या हळू म्हणाल्या.

ज्या जीपने त्यांना आणलं होतं त्याच जीपने आम्ही सांगलीला निघालो. ड्रायव्हर, मी आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलेल्या बनुबाई. वाटेत पहिल्याच औषधाच्या दुकानातून मी गोळी घेतली आणि चावायला लावली. माझं बोट त्यांच्या नाडीवरून हललं नाही.

"माज्यापायी तुजी परीक्षा बुडाली गं," त्या म्हणाल्या.

"माझी नव्हती ती परीक्षा."

"मग कुनाची व्हती?"

"बोलू नका, बनुबाई."

सिव्हिलमध्ये स्ट्रेचर आत गेलं आणि मला दाराबाहेर थांबवलं. काचेतून दिसत होतं. एक सिस्टर भराभर छातीवर ईसीजीचे चिमटे लावत होती, आणि लावताना शेजारच्या दोन शिकाऊ मुलींना सांगत होती, हा इथं का, तो तिथं का. मुली वहीत लिहीत होत्या. तेच चिमटे मी इतकी वर्षं लावत आले होते. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. असं शिकायचं तर रोज यायला हवं, तीन वर्षं, नोकरी सोडून. ते मला जमणार नव्हतं, आणि तरी मी काचेला नाक लावून ऐकायचा प्रयत्न करत होते.

फोन वाजला. प्रांजल मॅडम. आवाज पूर्वीसारखाच गोड.

"सगळं नीट पार पडलं बरं का. आमच्या संस्थेच्या सरांनी तपासणीच्या मॅडमना समजावलंय. तुमची जागा धरून ठेवते."

"मला प्रवेश नकोय. माझी फाइल द्या."

"ती जमा झालीय ओ. मध्येच परत घ्यायची तर तिन्ही वर्षांची फी भरावी लागते, नियम आहे तसा. विचार करा." त्या क्षणभर थांबल्या. "नाहीतर जूनमध्ये काय करणार, सिस्टर?"

जूनचं मीच सांगितलं होतं त्यांना, फोनवर, विश्वासाने. पोलिसांत जायचं का, कुणाला भेटायचं, निमिषला काय सांगायचं, काहीच सुचेना.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण नकोय." आणि फोन ठेवला.

दार उघडलं. सिस्टरच्या हातात केसपेपर होता. "बनुबाईंबरोबर कोण आहे?"

बाकावरून मी उठले. "कशा आहेत?"

"अ‍ॅटॅकच आहे. वेळेत आल्यात, पण आत्ताच काही सांगता येत नाही. घरचे कुठंयत?"

"ड्रायव्हरने मुलाला कळवलंय. गावाहून निघालाय."

"मग तोवर आणणाऱ्याची सही लागेल." तिने एप्रनकडे बघितलं. "तुम्ही कुठल्या सिस्टर?"

"मी सिस्टर नाही."

"मग कोण?"

"मी आणलंय त्यांना."

तिने कागद पुढे केला. सात वर्षांत मी एकाही केसपेपरवर सही केली नव्हती. वॉर्डात आले त्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं कर, सही तेवढी करू नकोस. मी सिस्टरकडून पेन मागून घेतलं. कागद भिंतीला टेकवला, आणि माझं नाव, बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, आधी माझं, मग बाकीचं, असं सावकाश पूर्ण लिहिलं.