सगळं ठीक आहे

“थांब, हात लावू नकोस,” पेचकसकाका म्हणाले आणि यंत्राच्या उघड्या पेटीला कान लावून बसले.

आत डिस्क फिरत होती. फिरता फिरता मध्येच टक् करायची, थबकायची, पुन्हा फिरायची. बंद दाराआड कुणी बोटं मोडत बसावं, तसा तो आवाज. काकांना तो आवडला नाही.

अंध मुलांच्या या शाळेत पंख्यापासून ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापर्यंत सगळं काकाच दुरुस्त करायचे. खिशात कायम स्क्रू पिळायचा पेचकस, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. शेजारी मांडीवर पाटी घेऊन बसली होती ती त्यांची बायको, मुलांची गोष्टमावशी. जाड पडद्यांच्या याच खोलीत बसून तिनं वर्षानुवर्षं मुलांचे धडे वाचले होते. मग घशाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रियेनं जीव वाचला, आवाज गेला. आता तो उरला होता फक्त या डिस्कवर. दुसरी प्रत काढायचं दोघांकडूनही राहूनच गेलं होतं. आपण आहोत की इथंच, असं त्यांना वाटायचं.

आणि मागच्या आठवड्यात डिस्क चालवणारं कार्ड जळालं. जुनं, आता कुठं मिळत नाही असलं. काकांनी भंगारवाल्याच्या ढिगातून हुबेहूब तसंच दिसणारं एक हुडकून आणलं.

“आता घरात शेवटचा शब्द माझा,” कार्ड खोचताना ते म्हणाले होते.

मावशीनं पाटीवर लिहिलं, “शब्द तुमचा. निर्णय माझाच.”

पण कार्ड खोचलं म्हणजे झालं असं नसतं. कार्डाची बोली यंत्राला कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणायचं. नव्या कार्डांचे दुभाषे हुशार असतात, आपलं आपण विचारून घेतात. जुन्यांना सगळं हातानं सांगावं लागतं: कार्डाचा पत्ता कोणता, आणि काम झालं की ते कोणती घंटा वाजवणार. सकाळी यंत्र पुन्हापुन्हा गोठत होतं, त्याचं कारणही घंटाच निघाली. आवाजाचं कार्ड आणि हे कार्ड, दोघांची घंटा एकच. एकाच हाकेला दोघं ‘ओ’ देणार, मग यंत्र बिचारं गोंधळणारच. काकांनी घंटा ठरवणारी कार्डावरची इवलीशी टोपी काढून शेजारच्या खुंट्यांवर बसवली, ड्रायव्हरला नवी घंटा सांगितली आणि यंत्र सुरू केलं.

यंत्राच्या पडद्यावर धड्यांची नावं उमटली. एकूण एक.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, शाळेच्या प्रमुख. “मिळाले? अहो, देव पावला! पोरांनी डोकं खाल्लंय माझं. मावशी कधी, मावशी कधी.”

“जरा थांबा बाई. एक चाचणी उरलीय.”

काकांची रीतच होती ती. वाचता आलं म्हणजे अर्धी दुरुस्ती. लिहून बघितल्याशिवाय ते पेटीचं झाकण लावत नसत. त्यांनी नेहमीचं वाक्य टंकलं, ‘सगळं ठीक आहे’, पानभर तेच, आणि डिस्कवर साठवलं. परत उघडलं. पानभर स्वच्छ उमटलं, सगळं ठीक आहे.

बाई खुशीत वर्गावर गेल्या. डिस्क पुन्हा टक् करून थबकली.

काकांनी पहिला धडा लावला. मावशीचा आवाज खोलीभर पसरला. मावशी मान खाली घालून ऐकत होती. दुसरा धडाही नीट वाजला. पुढच्या एका धड्यात मात्र कोल्हा विहिरीत वाकून बघता बघता एकदम पृथ्वी सूर्याभोवती फिरू लागली.

मावशीनं पाटीवर दोनदा टकटक केलं. दोनदा म्हणजे नाही.

काकांनी धडा थांबवला आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. कार्ड दिसायला हुबेहूब होतं, पण डिस्कवरच्या जागा मोजायची त्याची रीत निराळी होती. समजा, एका इमारतीत प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या आहेत आणि नवा पोस्टमन नऊ धरून चालतो. तळमजल्यावरची पत्रं बरोबर पडतील. वर चढत जावं तसं एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात. नुसतं वाचलं तर एक वेळ चालेल, बिघडत काहीच नाही. पण त्यांनी लिहिलं होतं. रिकामी समजून कुणाच्या तरी भरल्या खोलीत.

“काय झालं?” मावशीनं लिहिलं.

“माझं वाक्य तुझ्या कुठल्या तरी धड्यावर जाऊन बसलंय गं.”

त्यांनी ड्रायव्हरला बजावलं: कार्डाचं ऐकू नकोस, मी सांगतो तेवढ्याच खोल्या धर, आणि लिहायचं दार बंद ठेव. मग एकेक धडा दुसऱ्या यंत्रावर उतरवत दोघं ऐकत बसले. कोल्हा विहिरीतून बाहेर आला. पृथ्वी आपल्या जागी गेली. प्रत्येक धडा धड निघाला की काकांची भीती आणखीच वाढे. मागं उरलेल्यांतच कुठंतरी ते होतं.

उन्हं कलताना ते सापडलं. नावाड्याच्या गोष्टीत एका अवघड शब्दाला मावशी अडखळली होती आणि खळखळून हसली होती. ते कापायचं राहिलं होतं. मुलं तेवढ्यासाठी तो धडा परत लावायला सांगायची. तिनं अडखळून श्वास घेतला, आणि हसण्याच्या जागी घर्र्र आवाज आला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मग नावाडी पुढं निघाला.

दुसरीकडं कुठंच तिनं हसू येऊ दिलं नव्हतं. धडे होते ना ते.

“ती घरघर कापून टाकतो,” काका म्हणाले.

टक. टक.

दुसऱ्या दिवशी वर्गात नावाड्याची गोष्ट लागली. मुलांमध्ये मावशी बसली होती. काका दारातच उभे राहिले. ती जागा आली. घर्र्र.

“मावशी, हे काय गं? तू इथं हसायचीस ना?” एका मुलीनं विचारलं.

काकांनी मान वर केली. मावशी हसत होती, मान मागे टाकून, खांदे गदगदून, अगदी पूर्वीसारखी. वर्गात ते फक्त त्यांना दिसत होतं.