हबीबची सावकाश चाल

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. काळ्या लाकडाची, चकाकत्या बटनांची आणि तोंडाची जरा फटकळ. जन्म कुठं झाला ते विचारू नका, मलाच ठाऊक नाही. कळायला लागल्यापासून मी निजामाच्या फौजेच्या बँडात होते. कडक कपड्यांतली माणसं मला मऊ फडक्यानं पुसत. मग पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, आणि मी औरंगाबादच्या बाजारात एका पोचे आलेल्या हंड्याशेजारी विकायला येऊन पडले. तो हंडासुद्धा माझ्याआधी गेला. माझ्याकडं कुणी ढुंकून बघेना.

शेवटी मला हबीबनं उचललं. हबीब लासूर स्टेशनचा पिंजारी. एरवी गाद्या भरायचा आणि लगीनसराईत बँड काढायचा. माझ्या भोकांत कापूस अडकला की मी शिंकल्यासारखी वाजायचे आणि वऱ्हाडी हसायचे. पण माणूस मोठा मायेचा. मला तोंडाला लावण्याआधी पान थुंकून चूळ भरायचा. एवढा मान मला फौजेतही मिळाला नव्हता. त्याच्या बँडातल्या कडूबा ढोलवाल्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. शेतातली पाखरं हाकलायला डबा बडवतात ना, तसा तो वाजवायचा. बस्स, एवढंच.

नवं गाणं शिकायचं म्हणजे स्टेशनासमोर बद्रीनाथच्या हॉटेलात चहा घेत बसायचं. तिथं चावीचा ग्रामोफोन होता. बद्रीनाथची एक पक्की समजूत होती की चावी पूर्ण दिली तर आतली स्प्रिंग तुटते. म्हणून तो जेमतेम पीळ द्यायचा आणि वर यंत्राला हात जोडायचा. त्यामुळं त्याच्याकडं प्रत्येक गाणं उसानं भरलेल्या बैलगाडीसारखं चालायचं. बाई गात असली तरी आवाज एखाद्या बुवाचा यायचा. गावाला त्याची सवय झाली होती. मुंबईकडची माणसं अशीच गात असतील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

एकदा त्यानं एक नवी रेकॉर्ड आणली. सिनेमा कुठला ते कुणाला माहीत नव्हतं, तो आमच्याकडं कधी आलाच नाही. गाणं सुरू झालं आणि हबीबचा चहा हातातच गार झाला. एकेक सूर ओढत ओढत यायचा, थांबायचा, पुन्हा निघायचा. शब्द तर कुणाच्या बापाला कळले नसते.

"कडूबा, लेक सासरी चाललीय बघ," हबीब म्हणाला. "मागं वळून वळून बघतीय."

"व्हय," कडूबा डोळे पुसत म्हणाला, "अन् बाप गातोय."

झालं. आम्ही ती चाल पाठवणीला वाजवायला लागलो. पहिल्याच लग्नात नवरीची आई रडली, मग नवरदेवाची आई रडली, मग आचारी रडला. पुढं तर गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांत रीतच पडली, की हबीबची चाल सुरू झाल्याशिवाय लेकीनं गाडीत पाय ठेवायचा नाही. वाण्याच्या घरचं लग्न असो की पाटलाच्या, पाठवणीला मीच लागायचे. खोटं कशाला बोलू, मला थोडी मस्ती चढली होती.

आणि मग आवडाबाईंच्या धाकट्या लेकीचं, रुख्मणचं लग्न आलं. आवडाबाईंची थोरली लेक आमच्याच चालीवर सासरी गेली होती. रुख्मणला औरंगाबादचा मुलगा मिळाला. मुलाचे मामा नानासाहेब जीपमध्ये बॅटरीवरचं रेकॉर्डचं यंत्र आणि भला मोठा कर्णा घालून आले. जेवणं उरकली, पाठवणीची वेळ झाली, हबीबनं चूळ भरली. तेवढ्यात नानासाहेब म्हणाले, "बँड राहू द्या. तुमच्याकडं पाठवणीला कुठलं गाणं लागतं, त्याची बद्रीनाथच्या हॉटेलात चौकशी करून अस्सल रेकॉर्डच आणलीय."

त्यांनी सुई ठेवली.

मित्रांनो, काय सांगू? तेच गाणं, पण शेपटीला फटाके बांधल्यासारखं सुटलं. बाईचा आवाज बाईचाच निघाला आणि शब्द पहिल्यांदाच लख्ख कळले. बाजारात एका पोरीची शेळी सुटते, ती कोथिंबिरीच्या जुड्या खात पळते आणि पोरगी तिच्यामागं धावते, असं ते गाणं होतं. मधेमधे शेळीसुद्धा ओरडत होती. कडूबाचे हात आपोआप ढोलावर नाचायला लागले. रुख्मणला आलेला हुंदका अर्ध्यातच थांबला आणि तिला उचकी लागली. आवडाबाई पदर डोळ्यांकडं नेता नेता तशाच उभ्या राहिल्या.

हबीबनं मला खाली ठेवलं. "या अल्ला," तो म्हणाला, "मी सगळ्या तालुक्याच्या लेकी शेळीच्या गाण्यावर नांदायला धाडल्या." त्यानं माझे सांधे सोडवले आणि मला पेटीत घालायला लागला. "कडूबा, आजपासून बँड बंद. उद्यापासून नुसत्या गाद्या. हिला शहरात नेऊन इकतो." मला तो हंडा आठवला आणि घाम फुटला असता, पण लाकडाला घाम येत नाही.

रेकॉर्ड संपली. जीप सुरू झाली. पण रुख्मण काही चढेना.

"चल ना बाळ," नानासाहेब म्हणाले, "गाणं झालं की."

"ते नाय," रुख्मण उचकी देत म्हणाली. "आमचं लागलं नाय अजून."

आवडाबाई तरातरा हबीबकडं आल्या. "हबीबभाई, वाजव."

"बाई, चुकीचं हाय ते. माझीच चूक झाली. शेळीचं गाणं हाय."

"शेळीचं असू दे न्हाय तर म्हशीचं. माझी थोरली ह्याच्यावर गेली, शेजारच्या मनकर्णाबाईची लेक ह्याच्यावर गेली. आता ती चूक तुझ्या एकट्याची ऱ्हायली नाय, आमच्या समद्यांची हाय. वाजव लवकर. रडू आडकून बसलंय माझं, लई तरास होतोय."

हबीबनं पेटी उघडली. मग त्यानं मला पुन्हा जोडलं. मी एवढ्या लग्नांत वाजले, पण त्या दुपारी वाजले तशी कधीच वाजले नाही. रुख्मण आईच्या गळ्यात पडली. मांडवात कोरडा डोळा उरला नाही. नानासाहेब चष्मा पुसून पुसून थकले.

पण माणूस हट्टी. जीप वेशीपर्यंत गेली, थांबली आणि नानासाहेब उतरून मागं आले. त्यांनी ते यंत्र आमच्यापुढं मांडलं, रेकॉर्ड लावली आणि फिरत्या रेकॉर्डवर अंगठा टेकवला. शेळी रेड्यासारखी हंबरायला लागली.

"असंच ना?" त्यांनी विचारलं.

हबीबनं डोळे मिटून ऐकलं. "अजून जरा दाबा, साहेब," तो म्हणाला.

मित्रांनो, हबीब गेला. आता मी त्याच्या नातीकडं, गुलशनकडं भिंतीवर शोभेला टांगलेली आहे. माझ्या तोंडातली सूर काढणारी पत्ती चिरलीय, लाकूड तेलाला महाग झालंय आणि वरच्या भोकात कोळ्यानं संसार मांडलाय. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला खाली उतरवा, पुसा, सांध्यांना तेल द्या, आणि कसंही का असेना, वाजवा. आणि कुणी एखादी चाल चुकीची वाजवत असेल तर लगेच त्याचा हात धरू नका. आधी ऐकणाऱ्यांकडं बघा. त्यांचे डोळे भरलेले असतील तर गप बसा.