घासलेले, म्हणून श्रेणी नाही

मी एक जुने चांदीचे नाणे आहे, आणि मित्रांनो, त्या दुपारी मला बऱ्याच वर्षांनी मोकळी हवा लागली.

घड्याळे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले बाबा टेबलाशी बसले होते. नाणी तपासून श्रेणी ठरवणाऱ्या एका संस्थेने मला पारदर्शक डबीत बंद केले होते आणि वर चिठ्ठी लावली होती: ‘घासलेले, म्हणून श्रेणी नाही.’ बाबांनी पकडीने डबी फोडली.

“बाबा, डबीसकटच पाठवा ना,” त्यांची मुलगी म्हणाली.

“नको. आधीच्याचं वाचून पुढचा तेच लिहितो. दुसऱ्या संस्थेला कोऱ्या डोळ्यांनी बघू दे.”

“आणि त्यांनीही तेच म्हटलं तर?”

“तर त्यांची घड्याळं मी दुरुस्त करणार नाही.”

मुलगी हसली नाही. मला कडेने धरून ती उजेडात फिरवत राहिली.

“काय गं?”

“काही नाही.”

तिच्या लहानपणी बाबांनी मला इतर पन्नास नाण्यांबरोबर गठ्ठ्याने घेतले होते. तेव्हा माझ्या अंगावर काळसर निळी झाक होती. ती चढायला शंभर वर्षे लागली होती आणि मला तिचा अभिमान होता. बाबांनी मला नीट पाहण्याआधीच त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने दंतमंजन आणि जुना ब्रश घेऊन मला लख्ख केले. बाबांच्या वाढदिवसाची गंमत म्हणून. संध्याकाळी बाबांनी मला उचलले आणि ते हरखून गेले. “हे तर वापरातच आलेलं नाही गं!” एवढा आनंद पाहून तिची जीभ उचलली नाही.

पुढे समोरच्या फुटपाथवर नाणी विकणाऱ्या त्यांच्या मित्राने मला भिंगातून पाहिले.

“कुणीतरी घासलंय रे याला.”

“जळतोस तू. माझ्या घरात नाण्यांना कुणी हात लावत नाही.”

त्यानंतर अकरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मी साक्षीदार होते, पण मला तोंड नव्हते. तिला होते.

डबी फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यांनी भरून ठेवलेला अर्ज आणि मी महिन्याभराने टपालात पडलो. नवी डबी आली. चिठ्ठी तीच.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची झाक म्हणजे मळ नव्हे. तिला घासू नका. आणि अजाणता घासलीच, तर त्याच दिवशी सांगा. ऐकणारा माणूस आपल्यासाठी थांबून राहत नाही.

मुलीने मला फुटपाथवरच्या काकांपुढे ठेवले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसला.

“हट्टी होता. शेवटपर्यंत मला जळका समजला.”

“काका, तुमचं बरोबर होतं. ते मी घासलं होतं. मी बाबांना सांगितलंच नाही.”