देवाच्या आभाराचा फ्लेक्स

आमच्या गावच्या उदयसिंहाला पुण्यात कुणीतरी रोज देवाचे आभार मानायला शिकवलं. हा गडी मनातल्या मनात आभार मानील तर शप्पथ! त्यानं भैरोबाच्या देवळासमोर दहा फुटी फ्लेक्स ठोकला: ‘देवा, तुझे आभार.’ मधोमध गॉगल घातलेला, हात जोडलेला उदयसिंह. कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा भैरोबा. खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे. अख्खं देऊळ झाकलं गेलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नमस्कार आता गॉगलला पोचू लागले, आणि पारावर बसलेला उदयसिंह मान हलवून ते घेऊही लागला.

पाचव्या दिवशी फ्लेक्स गायब. चिडलेला उदयसिंह गावभर शोधत फिरला. शेवटी सापडला तो म्हाताऱ्या बनुबाईच्या परड्यात, कडब्याच्या गंजीवर दोरीनं करकचून बांधलेला. गॉगलवर कोंबडी बसली होती.

"आवं आजी, ह्यो फ्लेक्स हितं कसा?"

"मीच आणला रं. कडबा भिजत हुता, म्हणून भैरोबाकडं ताडपत्री मागाय गेले, तर त्यानं दारातच टांगून ठेवलेली!"

बनुबाईनं देवळाकडं वळून हात जोडले.

"देवा, लय उपकार झालं बघ."