चादरीला भोक नाही

बंद कारखान्यामागचं मैदान माणसांनी फुललं होतं. पार टोकाला, जिथे माणूस बोटाएवढा दिसतो, तिथे एका खांबावर लोखंडी चकती उभी होती. इकडे निशाणगुरू: पायघोळ पांढरा झगा, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात पिस्तूल. नेम डोळा धरत नाही, श्रद्धा धरते, असं चेल्यानं धरलेल्या माईकवर बजावून त्यांनी चाप ओढला. धाड! लगेच चकती आडवी. लोकांनी हात जोडले. चकती गर्दीतून फिरवली, तेव्हा तिच्यावर साधा ओरखडा कसा नाही, असं मी विचारलं, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, गुरूंची गोळी नमस्कार करून विरघळते. जणू खडीसाखरच.

हसले असते, पण प्रश्न माझ्या घरचा होता. धाकटा भाऊ पहारेकरी, परवान्याचं पिस्तूल बाळगणारा. लांबचा नेम किती अवघड, हे त्यानंच मला कधीतरी समजावलं होतं. मनगट केसभर हललं की तिकडे गोळी हातभर चुकते, शिवाय वाटेत खाली येते. श्वास आणि बोट वर्षानुवर्षं घोटावं लागतं. त्याच शहाण्याला गुरूंनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. आज तो पट्टशिष्य होणार होता. त्यासाठी डोळे बांधून त्यानं चकती पाडायची, आणि ती चकती हातात धरून उभी राहणार त्याची बायको. त्याच्या गोळ्या खऱ्या होत्या.

"वन्सं, नको म्हटलं तर म्हणतात, तुझा माझ्यावर विश्वासच नाही," ती सकाळी माझ्या स्वयंपाकघरात म्हणाली होती. मी कपाटातली पांढरी चादर तिला दिली आणि काय बोलायचं ते पढवलं.

आता ती सगळ्यांसमोर म्हणाली, भीती वाटते, आधी गुरूंनी चकतीपुढे पडदा लावून एकदा मारून दाखवावं, मग मी उभी राहते. गुरू खूश. आमची दृष्टी भिंतीपार जाते, चादर काय चीज आहे! आम्ही दोघींनी दोरीवर चादर टांगली आणि लांब झालो. धाड! चादरीमागे चकती खणकन पडली. टाळ्या.

मी चादर सोडवून आणली आणि गर्दीपुढे ताणून धरली. कुठेही भोक नव्हतं.

 गुरू म्हणाले, "शुद्ध गोळी भोक पाडत नाही."

"मग पडद्यामागे तुम्ही उभे राहा," मी म्हटलं. "माझा भाऊ मारेल. शिष्य तुमचाच आहे."

"त्याची साधना अजून कच्ची आहे."

भावानं मान वर केली. "कच्ची आहे? मग हिला का उभं करत होतात?"

 भाऊ चकतीकडे चालत गेला आणि तिचा खांब उपटला. आत विजेचा चुंबक, त्याची वायर जमिनीखालून थेट माईकवाल्या चेल्याच्या बटणापर्यंत. बटण दाबलं की चुंबक सुटतो, चकती पडते. पिस्तुलात नुसता बार, गोळी नव्हतीच.

भावानं आपल्या पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या. बायकोकडे बघायची त्याला हिंमत होईना. तिनं चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, "धरा नीट," म्हणाली, आणि दोघांनी घडी घातली.

चमत्कार बघायला जरूर जा. पण टाळी वाजवण्याआधी गोळी गेली कुठे, एवढं विचारा. आणि श्रद्धेची परीक्षा द्यायला कुणी तुमच्या माणसाला उभं केलं, तर तिथे आधी उभं करणाऱ्यालाच उभं राहायला सांगा.